तळावरच्या तीन चकत्या : लाकडी बोटीचा ट्रान्सड्यूसर ओळखण्याचा आणि बदलण्याचा अनुभव

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काकांची बोट हर्णैहून आंजर्ल्याच्या खाडीत नेताना खाडीच्या तोंडाशी वाळूला टेकली, तेव्हा केबिनमधल्या पडद्यावर पाण्याची खोली ३.८ मीटर दिसत होती. बोट पाण्यात बुडते ती जेमतेम १.४ मीटर. इंजिन उलटे फिरवून आणि चढत्या भरतीची दहा मिनिटे वाट पाहून ती सुटली, तळाला ओरखड्यापलीकडे काही झाले नाही. पण त्यानंतर दिवसभर बोट चालवणारे तांडेल त्या पडद्याकडे बघायलाही तयार नव्हते. हर्णैला बोटी पावसाळ्यात ठेवता येतील असा आडोसा नाही. समोर सुवर्णदुर्ग उभा असला तरी वारा नैर्ऋत्येला फिरला की तिथले पाणी उघडेच असते, म्हणून १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, आणि एरवीही वादळाची सूचना आली की, हर्णै आणि पाजपंढरीच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीचा आसरा घेतात. त्या खाडीच्या तोंडाशी वाळू आणि गाळ सतत जागा बदलतात. मागच्या हंगामातली वाट या हंगामात तशीच असेल याचा भरवसा नसतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आमच्या यंत्राने दगा दिला होता.

संध्याकाळी खाडीत नांगर टाकल्यावर तांडेलांनी शिशाचे वजन बांधलेली दोरी बोटीच्या कडेने सोडली. त्यांचा हिशोब वावांत, म्हणजे सुमारे सहा फुटांच्या मापात, चालतो. दीड वाव आणि वर चार बोटे, असे त्यांनी सांगितले; मी तीच दोरी नंतर टेपने मोजली तेव्हा ती २.८ मीटर भरली. पडद्यावर त्या वेळीही ३.८ मीटरच होते. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि सुट्टीत घरी आलो होतो, त्यामुळे हे यंत्र ‘मास्तरांनी बघावे’ असे सर्वानुमते ठरले. दोन आकड्यांतला तो बरोबर एक मीटरचा फरक मला रात्रभर छळत राहिला, कारण यंत्र बिघडले की ते सहसा भलतेच काही दाखवते किंवा काहीच दाखवत नाही. इतक्या शांतपणे, ठामपणे चुकत नाही.

उत्तर साध्या अंकगणितात होते. बोटीच्या तळाला बसवलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाजाची लहर सोडून तिचा प्रतिध्वनी ऐकणारी चकती, पाण्याच्या पातळीखाली साधारण ०.९ मीटरवर असतो आणि यंत्र खोली मोजते ती स्वतःपासून खालची. म्हणजे २.८ मीटर पाण्यात त्याने १.९ मीटर दाखवायला हवे होते. ३.८ ही संख्या १.९ ची बरोबर दुप्पट आहे. ट्रान्सड्यूसरमधला स्फटिक विजेच्या स्पंदनाने थरथरतो, त्यातून आवाजाची लहर खाली जाते, तळावर आपटून परत येते आणि तोच स्फटिक तिला पुन्हा विजेत बदलतो. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्यामुळे जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून खोली निघते. १.९ मीटरसाठी हा वेळ अडीच मिलिसेकंद होतो. आता घंटेवर टोला पडल्यावर ती जशी काही काळ घुमत राहते, तसा स्फटिकही लहर सोडल्यावर थोडा वेळ घुमतो. ते घुमणे लवकर थांबावे म्हणून त्याच्या मागे आवाज शोषून घेणारा थर दिलेला असतो. स्फटिक त्या थरापासून किंवा बाहेरच्या आवरणापासून सुटला, की घुमणे लांबते आणि तळावरून आलेला पहिला प्रतिध्वनी त्या गोंगाटात बुडून जातो. यंत्राला मग ऐकू येतो तो दुसरा प्रतिध्वनी, म्हणजे तळावरून येऊन बोटीच्या पोटावर आपटून पुन्हा तळाशी जाऊन आलेला. खोल समुद्रात या दोषाचा पत्ता लागत नाही, कारण तिथे पहिला प्रतिध्वनी येईपर्यंत घुमणे कधीच थांबलेले असते. वर्षभर तीस-चाळीस मीटर पाण्यात बरोबर चालणारे यंत्र उथळ पाण्यात खोली दुप्पट का सांगत होते, याचा हा खुलासा मला पटला. पुरावा मात्र बोट पाण्याबाहेर आल्याशिवाय मिळणार नव्हता.

जूनच्या पहिल्या उधाणाला बोट काठावर ओढून घेतली, टेकू लावले आणि वर ताडपत्री शाकारली. बोट १४ मीटर लांबीची, लाकडी, आणि काकांनी चार वर्षांपूर्वी दुसऱ्या बंदरातून जुनी विकत घेतलेली. तळावरची कालवे आणि शेवाळ खरवडून झाल्यावर मी खाली शिरलो तेव्हा मला एक नव्हे, तीन चकत्या दिसल्या. पहिली नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, लांबीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, कण्याच्या उजव्या हाताला, हिरवट पडलेल्या ब्राँझची होती. दुसरी इंजिनाच्या जवळ, काळ्या प्लास्टिकची. तिसरी दोघींच्या मध्ये, आयताकृती, खडबडीत आणि सच्छिद्र. बोट विकणाऱ्या मालकाने कागद काहीच दिले नव्हते, आणि केबिनमध्ये तर एकच केबल येत होती. काकांचे म्हणणे असे होते की नवा सेन्सर आणावा, जुना काढावा आणि तिथेच बसवावा. यात ओळखण्यासारखे आहे काय? माझे म्हणणे होते की जो बसवला तो का बिघडला हे कळले नाही तर नवाही तसाच बिघडेल. सुट्टी माझी होती आणि बोट त्यांची, त्यामुळे एका आठवड्याची मुदत ठरली.

तिसऱ्या चकतीचा निकाल सर्वांत आधी लागला. ती ट्रान्सड्यूसर नव्हतीच. ब्राँझची बारीक पूड दाबून, भाजून केलेली ती अर्थिंगची पट्टी होती. लाकडी बोटीचे अंग वीजवाहक नसल्यामुळे वायरलेस आणि इतर यंत्रांना समुद्राच्या पाण्याशी जोडून देण्यासाठी अशी पट्टी तळाला लावतात, आणि सच्छिद्र असल्यामुळे छोट्या आकारातही तिचा पाण्याशी संपर्क भरपूर होतो. तिच्या दोन्ही बोल्टांना आत जाड तांब्याची तार होती, एवढ्यावरून शंका मिटली. ट्रान्सड्यूसरचा तोंडाकडचा भाग गुळगुळीत असतो आणि त्याच्या मधल्या दांड्यातून केबल बाहेर येते. बोल्ट आणि उघडी तार दिसली की ती वस्तू वेगळी समजावी. मात्र हे मला तेव्हा नीट ठाऊक असते तर त्या पट्टीच्या छिद्रांत भरलेला जुना रंग खरवडण्यात अर्धा दिवस गेला नसता. कुणीतरी रंगकामात तिच्यावरूनही ब्रश फिरवला होता, म्हणजे गेली काही वर्षे ती अर्थिंग नावापुरतीच होती. तो अर्धा दिवस अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही.

ब्राँझच्या चकतीची केबल आत इंजिनाच्या खणात हातभर अंतरावर कापलेली होती. ट्रान्सड्यूसरची ओळख बहुतेक वेळा केबलच्या यंत्राकडच्या टोकाला लावलेल्या पट्टीवर लिहिलेली असते. तेच टोक कुणीतरी जुन्या यंत्राबरोबर काढून नेले होते. दांड्यावर आणि फ्लँजवर, म्हणजे चकतीच्या रुंद कडेवर, काही कोरले आहे का ते पाहिले, पण गंजाखाली दोन अस्पष्ट आकड्यांपलीकडे काही सापडले नाही. उरल्या त्या केबलमधल्या दोन तारा आणि त्यांच्याभोवतीची जाळी. ट्रान्सड्यूसरचा स्फटिक वीजयंत्राच्या दृष्टीने एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, असतो, त्यामुळे साध्या मल्टीमीटरवर रोध मोजला तर परिपथ उघडा दिसतो आणि अनेक जण तेवढ्यावरून तो मेला असे ठरवतात. मी कपॅसिटन्स मोजला तेव्हा काही नॅनोफॅरड भरला. मग एका विद्यार्थ्याला ऑसिलोस्कोपकडे, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राकडे, बघायला बसवून बाहेरून चकतीवर लाकडी हातोडीने हलकेच टकटक केले. प्रत्येक टोल्याला ऑसिलोस्कोपवर उंच सुळका उठला. स्फटिक जिवंत होता. पंचवीस-तीस वर्षांची ती वस्तू नव्या केबलला जोडली तर अजून चालली असती, आणि खरे सांगायचे तर ती काढताना मला पुढे जो त्रास झाला तो त्याच मजबुतीचा होता.

तिची वारंवारिता कोणती, म्हणजे तिचा स्फटिक सेकंदाला किती वेळा थरथरतो, हा प्रश्न राहिला. त्यासाठी संस्थेतून परवानगीने हव्या त्या वारंवारितेची वीज देणारा सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप आणला होता. जनरेटर आणि ट्रान्सड्यूसर यांच्यामध्ये एक किलोओहमचा रोध जोडायचा, ट्रान्सड्यूसरच्या दोन टोकांवरचा विजेचा दाब पडद्यावर बघायचा आणि जनरेटरची वारंवारिता हळूहळू वाढवत न्यायची. स्फटिकाची स्वतःची वारंवारिता आली की त्याचा विरोध एकदम कमी होतो आणि पडद्यावरची लाट आवळते, त्यानंतर थोड्याच अंतरावर ती पुन्हा फुगते. ब्राँझच्या चकतीत ही आवळण ४९.६ किलोहर्ट्झला आली. दोनशेपर्यंत आणि त्यापुढे गेलो तरी दुसरी आवळण आली नाही. म्हणजे तो ५० किलोहर्ट्झचा, एकाच वारंवारितेचा ट्रान्सड्यूसर होता, बहुधा कागदावर रेघा काढणाऱ्या किंवा जाड काचेच्या पडद्याच्या यंत्राबरोबर आलेला. माशांचे थवे शोधणारे व्यवहार्य यंत्र १९४८ साली जपानमधल्या नागासाकी भागात फुरुनो बंधूंनी प्रथम बाजारात आणले, आणि पुढे आपल्या किनाऱ्यावरच्या बोटींवरही जपानी बनावटीची यंत्रे आली.

प्लास्टिकच्या चकतीचे प्रकरण गुंतागुंतीचे निघाले. तिची केबल केबिनपर्यंत अखंड होती, टोकाला दहा पिनांचा जोड होता आणि त्यातल्या दोन पिनांवर हिरवी बुरशी चढली होती. यंत्र पूर्ण बंद करून, बॅटरीची तारही सोडून मग हा जोड काढला. लहर सोडताना ट्रान्सड्यूसरवर काहीशे व्होल्टचा दाब येतो, तेव्हा चालू यंत्राच्या या जोडाशी खेळू नये. पट्टीवरची अक्षरे उडाली होती, पण पिना मोजताना एका जोडीवर ८.१ किलोओहम रोध मिळाला. पाण्याचे तापमान मोजणारा थर्मिस्टर अनेक ट्रान्सड्यूसरांत असतो आणि २५ अंशांना त्याचा रोध १० किलोओहम असतो, तापमान वाढेल तसा तो कमी होतो. त्या दिवशी छायेत ३० अंश होते, त्या मानाने हा आकडा बरोबर जुळत होता. म्हणजे ही खोली आणि तापमान असे दोन्ही मोजणारी जोडवस्तू होती. जनरेटर लावल्यावर ५० किलोहर्ट्झजवळ आवळण मिळाली आणि २०० जवळही मिळाली, मात्र दुसरी अगदी उथळ आणि पसरट होती, जणू कुणी तिच्यावर हात ठेवला आहे. शिवाय स्फटिकाच्या तारा आणि जाळी यांच्यात चाळीसेक किलोओहम रोध दिसत होता, जिथे मीटरने काहीच दाखवायला नको होते. आत पाणी शिरले होते, यात आता संशय उरला नाही.

ते कुठून शिरले हे शोधायला भिंग लागले. फ्लँज आणि दांडा जिथे मिळतात तिथे अर्ध्या परिघाएवढी, केसासारखी भेग होती. त्या भेगेचे कारण समजावून सांगितले ते आमच्या सुतारमिस्त्रींनी, आणि तेही यंत्र न बघता. सुकवलेल्या लाकडात भोक पाडून प्लास्टिकची नळी घट्ट आवळली. बोट पाण्यात गेल्यावर लाकूड फुगणार नाही तर काय करणार? फुगलेल्या फळीने वरून नट आणि खालून फ्लँज अशी दोन्हीकडून नळी ताणली आणि ती सांध्यात चिरली. पुढे मी बनवणाऱ्या कंपन्यांच्या सूचना वाचल्या तेव्हा हाच नियम तिथे छापलेला सापडला : प्लास्टिकचे आवरण फायबरच्या किंवा धातूच्या बोटीला चालते, लाकडाला नाही, लाकडाला ब्राँझ, आणि ब्राँझ ॲल्युमिनियमच्या बोटीला कधीही नाही, कारण दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. ज्या कारागिराने आधीच्या मालकासाठी तो बसवला त्याला हे माहीत नसावे किंवा हाताशी होते ते त्याने बसवले असावे. दरवर्षी बोट वर येते, लाकूड सुकते, खाली जाते, पुन्हा फुगते. दर वर्षी ती भेग थोडी थोडी उमलत गेली असणार.

त्या कारागिराच्या आणखी दोन चुका मोजपट्टीने उघड केल्या. चकती जिथे होती तिथे बोटीचा तळ आडव्या पातळीशी १४ अंशांचा उतार घेतो, आणि ती उतारावर सरळ टेकवलेली होती, मध्ये तिरपा ठोकळा न घेता. अशा दुहेरी ट्रान्सड्यूसरमधून ५० किलोहर्ट्झला आवाजाचा सुमारे ४५ अंशांचा रुंद शंकू खाली जातो, तो थोडा कलला तरी बिघडत नाही. २०० किलोहर्ट्झचा शंकू मात्र १२ अंशांचा, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा अंश. वीस मीटर खोलीवर पहिला साडेसोळा मीटर रुंदीचा तळ बघतो आणि दुसरा चार मीटरचा. हा अरुंद शंकू चौदा अंश कलंडला, की बोटीच्या बरोबर खालचे पाणी त्याच्या कडेतही येत नाही. दुसरी चूक जागेची. चकतीच्या हातभर पुढे, बोटीचे इतर धातू गंजू नयेत म्हणून लावतात ती झिंकची वडी बोल्टाने लावलेली होती, आणि बोट चालू लागली की त्या वडीच्या कडेवरून सुटणारे बुडबुडे थेट चकतीखालून वाहत जात. चालत्या बोटीवर आकडा मधेच लुकलुकतो, ही तांडेलांची जुनी तक्रार होती. तळ सापडेनासा झाला की यंत्र शेवटचा आकडा तसाच लुकलुकत ठेवते. वाळूला टेकतानाचा तो ३.८ कदाचित आधीच्या खोल पाण्यातला, पुढे आलाच नाही असा शेवटचा आकडाही असेल. आता ते ठरवता येणार नाही.

नवा ट्रान्सड्यूसर ब्राँझचा, ५० आणि २०० किलोहर्ट्झचा, ६०० वॉटचा आणि तापमानमापकासह, आमच्या यंत्राच्याच दहा पिनांच्या जोडाचा हवा, एवढे आता नक्की झाले. मुंबईच्या दुकानदाराने फोनवर ‘लाकडालाही प्लास्टिक सर्रास चालते’ असे सांगितले आणि तेच स्वस्तही होते. काका एक क्षण चलबिचल झाले, मी ती चिरलेली चकती त्यांच्या हातात दिली. ब्राँझची वस्तू यायला नऊ दिवस लागले. जागा जुन्या ब्राँझच्या चकतीचीच ठरवली, कारण नाळेपासून एक तृतीयांशावरची ती जागा वाहत्या, स्वच्छ पाण्याची होती, बोट ढकलणाऱ्या पंख्यापासून दूर होती, आणि उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याची पाती ज्या बाजूला खाली उतरतात त्या उजव्या बाजूला होती. तीस वर्षांपूर्वी ज्याने ती निवडली त्याला त्याचे काम येत होते.

जुनी चकती काढण्यात दीड दिवस गेला. आतला नट दांड्याशी इतका एकजीव झाला होता की पाना लावून दोघे लोंबकळलो तरी हलला नाही, तेल लावून रात्रभर ठेवला तरी नाही. शेवटी ग्राइंडरने नटाला चार ठिकाणी काप देऊन छिन्नीने तुकडे केले. काप दांड्यापर्यंत जाऊ द्यायचे, फळीपर्यंत नाही, आणि इंजिनाच्या खणात ठिणग्या उडणार म्हणून आधी खणातले डिझेलचे पाणी उपसून पुसून काढले होते. दांडा बाहेरून ठोकून काढल्यावर मागे राहिलेले भोक नव्या दांड्यापेक्षा लहान निघाले. रिकाम्या भोकावर मोठी भोकाची करवत चालवता येत नाही, तिच्या मधल्या ड्रिलला धरायला काही लागते. म्हणून मिस्त्रींनी सागवानी गुल्ली करून भोकात ठोकली, तिचे केंद्र काढले आणि मग बाहेरून ५१ मिलिमीटरचे भोक पाडले. जुन्या प्लास्टिकच्या भोकाभोवतीचे लाकूड काळपट ओलसर होते, पण पेचकस टोचून पाहिला तेव्हा कडक लागले. जून महिना लाकूड सुकवायला वर्षातला सर्वांत वाईट, आणि बोट पाण्याबाहेर असते ती नेमकी जूनमध्येच! ताडपत्रीखाली बल्ब लावून दहा दिवस ते कोरडे केले, मग निमुळती गुल्ली आणि आतून जाड ठोकळा इपॉक्सीत बसवून ते भोक कायमचे बुजवले. झिंकची वडीही मागे हलवली.

तिरपा ठोकळा हे मिस्त्रींचे खरे काम. नव्या जागी तळाचा उतार १७ अंश निघाला. फोनमधल्या पातळीयंत्रापेक्षा त्यांनी ओळंबा आणि पट्टी यांवर अधिक विश्वास ठेवला. दोघांची उत्तरे अर्ध्या अंशाच्या आत जुळली तेव्हा त्यांनी फोनला मान्यता दिली. सागवानाचा हातभर लांब, दोन्ही टोकांना माशासारखा निमुळता ठोकळा त्यांनी १७ अंशात कापला, म्हणजे त्याचा खालचा भाग बाहेर, पाण्याच्या पातळीला समांतर आणि लांब अंग कण्याच्या दिशेला. उरलेला उलटा तुकडा आतल्या बाजूला नटाखाली, जेणेकरून नट तिरपा न आवळता सपाट बसेल. हा जोडठोकळा केलेला नसता तर नट कितीही घट्ट केला तरी एका कडेलाच टेकला असता.

बसवण्याचा दिवस त्यामानाने लवकर संपला. आधी सगळे एकदा कोरडे जुळवून पाहिले. मग दांड्यावर, फ्लँजखाली आणि ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पॉलियुरेथेनचे समुद्री सीलंट भरपूर लावले. कायमचे चिकटणारे नको, पुढे कधी काढायची वेळ आली तर निघेल असे घेतले, कारण मागच्या पिढीचा नट मी नुकताच कापला होता. मिस्त्रींना त्याखाली राळ आणि तेलात भिजवलेली कापसाची वातही हवी होती. मी विरोध केला नाही, फक्त सीलंट आणि वात वेगवेगळ्या ठिकाणी राहतील एवढे पाहिले. नट आवळताना मात्र आमचे एकमत होते : सीलंट चहूकडून बाहेर डोकावले की थांबायचे. लाकूड पाण्यात फुगल्यानंतरच शेवटचे आवळणे करायचे असते, आणि हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. केबल न कापता, जास्तीची गुंडाळून, माशांच्या बर्फखणाच्या कडेने नव्या पाइपमधून केबिनपर्यंत नेली. जुनी केबल अल्टरनेटरच्या तारांच्या पाइपमधून नेलेली होती आणि इंजिनाचा वेग वाढला की पडद्यावर उभ्या रेघा येत. व्हीएचएफ वायरलेस आणि अल्टरनेटर या दोघांपासून नवी केबल दूर ठेवल्यावर त्या रेघा पुढे दिसल्या नाहीत.

एक प्रसंग थोडक्यात टळला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी जेवायला घरी गेलो असताना रंगाऱ्यांनी तळाला शेवाळरोधक रंग लावायला घेतला, आणि परत आलो तेव्हा ब्रश नव्या चकतीपासून वीतभर अंतरावर होता. त्यांच्या लेखी ती तळाचाच भाग होती, आणि जुन्या प्लास्टिकच्या चकतीवर अशाच किती वर्षांच्या रंगाचा थर चढला होता ते मी खरवडताना पाहिले होते. जाड रंग लहरीला अडवतो, आणि कीटोनसारखी द्रावके असलेला रंग ट्रान्सड्यूसरच्या प्लास्टिकच्या तोंडाला खातो. नव्या ब्राँझच्या चकतीचेही तोंड आतून प्लास्टिकचेच असते. द्रावकाऐवजी पाण्यात कालवलेला शेवाळरोधक रंग मी वेगळा आणला होता, त्याचा एकच पातळ हात त्यावर दिला, आणि बोट पाण्यात जाईपर्यंत वर कागद चिकटवून ठेवला.

३१ जुलैच्या आधीच्या उधाणाला बोट खाडीत उतरवली. पहिले तीन तास मी आतल्या नटाजवळ विजेरी घेऊन बसून होतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. ठोकळ्याच्या कडेने थोडे पाझरले, संध्याकाळपर्यंत लाकूड फुगून थांबले; चौथ्या दिवशी नट पाव फेरा आवळला, तेवढेच पुरले. मग शिशाची दोरी आणि पडदा असा सामना झाला. नवा ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ०.८ मीटरवर आहे. दोरीने ३.२ मीटर भरले, पडद्यावर २.४ आले. उथळ बाजूला सरकत गेलो तरी आकडा दुप्पट झाला नाही. दोरीने दीड मीटर भरले तिथे पडद्याने ०.७ दाखवले आणि तो आकडा हलला नाही.

पडद्यावर कोणती खोली दाखवावी यावर तांडेलांशी आमचे बरेच बोलणे झाले. मला कण्याखाली उरलेले पाणी दाखवावे असे वाटत होते, म्हणजे आकडा शून्य झाला की बोट टेकली, हिशोब संपला. तांडेल म्हणाले, “मास्तर, मी चाळीस वर्षं पाण्याची पुरी वाव डोक्यात ठेवलीय. तुमचा आकडा बघून आधी मनात बेरीज करायची, मग सुकाण फिरवायचं?” खाडीच्या तोंडाशी सुकाण त्यांच्या हातात असते, माझ्या नव्हे. यंत्रात ०.८ मीटरची भर घातली आणि पडदा आता पाण्याची पूर्ण खोली दाखवतो, त्यांच्या दोरीसारखी.

एक बारीक फरक शिल्लक राहिला. २०० किलोहर्ट्झवर खाडीत पडदा दोरीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर कमी खोली दाखवत होता, ५० वर तेवढा नाही. मी आधी आवाजाच्या वेगाकडे बोट दाखवले. यंत्र १,५०० मीटर गृहीत धरते. आमच्या कोमट खाऱ्या समुद्रात प्रत्यक्ष वेग १,५४० च्या आसपास असतो, त्यामुळे बाहेर चाळीस मीटर दिसले तर खरे एक्केचाळीस असतात. पण पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी उतरलेले असते, तिथे वेग १,५०० च्या जवळच येतो, शिवाय तीन मीटरांत हा फरक इतका मोठा होत नाही. मग तांडेलांनी दोरी वर ओढून शिशाचे वजन माझ्यापुढे धरले. त्याच्यावर बोटभर नव्हे, वीतभर उंचीपर्यंत काळा मऊ गाळ चढला होता. वजन गाळात रुतत होते आणि २०० किलोहर्ट्झची लहर गाळाच्या पृष्ठावरूनच परतत होती.